नवऱ्याच्या वतीने

२ डिसेंबर २०२५, सापगाव

कल्याणहून आत्ताच आले. पायसुद्धा धुतले नाहीत. आधी लिहून काढते, नाहीतर रागाने जेवण जाणार नाही.

गेलो होतो मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनच्या आधी तब्येत तपासायची म्हणून एका पोरसवदा डॉक्टरने जयरामच्या मानेला स्टेथोस्कोप लावला आणि काढेचना. मग मानेची सोनोग्राफी. मग मेंदूच्या डॉक्टरीणबाई. निष्कर्ष असा, की मेंदूकडे रक्त नेणारी डाव्या बाजूची धमनी ऐंशी टक्के बुजली आहे. आतून चरबी साचून. मोरीचा पाइप तुंबतो तशी.

(डायरीत मी नवऱ्याचं नाव घेते. चारचौघांत ‘अहो’ म्हणते, तेवढा मान पुरे.)

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजोबा, कधी हातातली ताकद गेल्यासारखी वाटली? बोलताना शब्द सापडेनासा झाला? थोड्या वेळात आपोआप बरं झालं असलं तरी सांगा.”

“छे,” मी म्हटलं, “तसलं काही नाही. मी घरातच असते. मला कळलं असतं.”

“त्यांना बोलू द्या ना, आजी.”

आजी! तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे. आणि जयराम काय बोलणार? डॉक्टरसमोर बसला की हा माणूस छताचा पंखा बघतो. मुलाच्या शाळेत, बँकेत, रेल्वेच्या पेन्शन ऑफिसात, सगळीकडे याच्या वतीने मीच बोलत आले. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलं, बोलणं हा माझा धंदाच होता. शिवाय यानं तोंड उघडलं, ‘आमी’ नि ‘नाय’ निघालं, की काउंटरवरचं कालचं पोरगं याला ‘ए काका’ म्हणतं. सिग्नल मेंटेनर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला. ते मला खपत नाही.

आताही पंखाच बघत होता. तोंड उघडलं, खोकला, माझ्याकडे पाहिलं. “नाय,” म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, लक्षणं नाहीत.

लक्षणं नसलेल्यांचं काय करायचं, यावर आत्ता गेल्याच महिन्यात मोठा अभ्यास आलाय म्हणे. बहुतेक माणसं अमेरिकेतली. काहींना नुसत्या गोळ्या दिल्या, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची. काहींना त्याच गोळ्या आणि वर धमनी उघडी ठेवायला आत जाळी. चार वर्षांत नुसत्या गोळ्यांवरच्या शंभरातल्या सहाजणांचं वाईट झालं, जाळीवाल्यांत तिघांपेक्षा कमी. म्हणजे जाळी बरी का? तर तसंही नाही. जाळी घालतानाच एखाद्याला मेंदूचा झटका येतो, आणि नुसत्या गोळ्यांवरही चौऱ्याण्णव जण ठीकच राहिले.

“दोन्ही रस्ते मोकळे आहेत,” बाई म्हणाल्या. “गोळ्या सुरू करा, महिनाभर विचार करा.”

दोन रस्ते मोकळे म्हणजे आपण मधोमध उभे.

५ डिसेंबर

स्वयंपाकघर साफ केलं. लोणच्याची बरणी, सुकट, बोंबील, पापड, सगळं शेजारी हिराबाईकडे पाठवलं. हिराबाई माझी नणंद. एवढ्या वर्षांत माझ्याकडून काही घेताना पहिल्यांदाच तिने नाक मुरडलं नाही. “वयनी, दर महिन्याला डाक्टराकडं जात जा गो,” म्हणते.

जयरामने बिनमिठाची आमटी खाल्ली. तक्रार करत नाही हा माणूस, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

६ डिसेंबर

लग्न झाल्यापासून सहा डिसेंबरला दादरला गेलो नाही असं क्वचितच झालं असेल. यंदा मी जाऊ दिलं नाही. तेवढ्या रांगेत, उन्हात काही झालं तर कुठे न्यायचं? “तू जा,” म्हणाला. मी जाऊ आणि हा इथे एकटा? टीव्हीसमोर दोघं बसलो. तो पडद्याकडे बघत होता. मी त्याच्या मानेकडे.

कानाच्या खाली, बाहेरून काहीच दिसत नाही. तीच सावळी मान. आतून बंद होत चाललेली.

११ डिसेंबर

रत्नदीपने तो अभ्यास फोनवर पाठवला. मुलगा पुण्याहून एवढंच करू शकतो, कागद पाठवतो. भिंग घेऊन वाचला. आमच्या इगतपुरीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फिलोमिनांची कृपा, इंग्रजीला मी भीत नाही. पण शंभरातले सहा आणि शंभरातले तीन, हे वाचून करायचं काय? जयराम काही शंभर माणसं नाही. एकच आहे. त्याला झालं तर पूर्ण होणार, नाही तर काहीच नाही.

“आई, बाबांना काय वाटतं?” रत्नदीपने विचारलं.

“त्यांना काय वाटायचंय! ते म्हणतात बघू.”

“फोन दे त्यांना.”

दिला. “बरा हाय… हां… हां… आईला इचार,” एवढं बोलून यानं फोन परत माझ्या हातात. आणि सगळे म्हणणार, वंदना कुणाला बोलू देत नाही!

१४ डिसेंबर

पकडला. गोठ्याच्या मागे, तळहातावर तंबाखू. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बंद सांगितलेली. मी मागून “अहो” म्हटलं तशी चुन्याची डबी हातातून पडली. उचलायला गेला तर पुन्हा पडली. उजवा हात चोरासारखा लटपटत होता. एवढा घाबरतो तर खातो कशाला? शेवटी डाव्या हाताने उचलून खिशात टाकली, आणि उजवा हात काखेत धरून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा.

मी पुष्कळ बोलले. डबी त्याच्या खिशातून काढली आणि फेकून दिली.

१९ डिसेंबर

आज हद्द झाली. जेवताना साधं विचारलं, वालाची भाजी वाढू की वांगं? उत्तर नाही. माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. ओठ हलवले, आवाज नाही. मीही हट्टाची, डाव हातात धरून उभी राहिले. आमटी निवली, तरी हा गप्प. डबी फेकून दिली त्याचा हा सूड, पाच दिवसांनी. मग एकदम म्हणाला, “वाल.” जणू काही झालंच नाही.

हिराबाई तेवढ्यात ताक द्यायला आली होती. मला बाजूला घेऊन म्हणते, “वयनी, दादाचा त्वांड कसातरी दिसला गो मना. एका बाजूला उतारल्यासारा. दिष्ट काडू?”

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली उभी राहून ही बाई दृष्ट काढणार! मी तिला असं सुनावलं की ताकाचं भांडं तिथेच ठेवून गेली. रुसलेल्या पुरुषाचं तोंड असंच दिसतं. मला विचारा.

२४ डिसेंबर

एक्स्चेंजमधल्या आम्ही सहाजणी दर वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कल्याणला जमतो. केक, सामोसे, जुन्या साहेबांची नक्कल. यंदा मी कळवलं, जमणार नाही. ह्याला कुणावर सोडू?

दुपारभर ओटीवर दोन खुर्च्या टाकून बसलो होतो. समोरच्या रस्त्याने मुरबाडकडे एसट्या जात होत्या. एकेक एसटी आली की तो वाकून पाटी वाचायचा. मी म्हटलं, एवढं वाकू नका. मग त्याने वाचणंही सोडलं.

चार भिंती परवडल्या, निदान त्या कुणी बांधल्या ते माहीत असतं. माझी सगळी दुनिया आता एका माणसाच्या मानेएवढी झाली आहे, आणि तो माणूस सुखाने पेंगतो आहे. रत्नदीप फोनवर म्हणतो, “आई, जरा बाबांना मोकळं सोड.” मला कोण सोडणार?

३ जानेवारी २०२६

सकाळी हिराबाईच्या गुडघ्याची औषधं आणायला शहापूरला गेले. परत येते तर घर उघडं, खुर्ची रिकामी. फोन खुंटीवर लटकतोय. मला वाटलं, विहिरीकडे पडला. विहिरीकडे धावले. मग गोठ्यात. मग नदीच्या पुलापर्यंत. हिराबाई मागून ओरडत होती, “अगो, तो पंढरीसंगं म्हशाला गेलाय! मना सांगून गेलाय!”

म्हशाची जत्रा. मुरबाडच्या पलीकडे, धुळीत, बैलांच्या नि माणसांच्या रेटारेटीत. पंढरी याच्या सिग्नल गँगमधला, आता ईको गाडी चालवतो. दोघांची अक्कल एका ड्रायव्हिंग सीटवर मावेल.

संध्याकाळी गाडी दारात आली. जयराम खांद्यावर काळी घोंगडी टाकून उतरला. हसत होता. किती दिवसांनी त्याला असा पाहिला, आणि मला त्याला मारावंसं वाटलं.

“वयनी, वराडू नका, आदी आयका,” पंढरी म्हणाला. “दादानं आज कमाल केली. घोंगडीवाल्यानं भाव सांगितला. हा नुस्ता त्याच्याकडं बगत राह्यला. बोलंचना! तो बापडा भाव खाली आणतोय, आणखी खाली आणतोय, हा मुकाच. मी बोललो, दादा, काय तरी बोल. नाय! शेवटाला तो घोंगडीवाला हात जोडून बोलतो, बाबा, न्या पर असं बगू नका.”

हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसणारच होते. पण पंढरी पुढे म्हणाला, “मंग पैसं काडायला गेला तं हात खिशात जाईना. मीच काडलं. बोललो, दादा, घोंगडी फुकट गावली तसा पैसापन माजा का?”

“कुठला हात?” मी विचारलं.

“आं?”

“कुठला हात जाईना, पंढरीभाऊ?”

“ह्यो,” त्याने आपला उजवा हात वर केला. अजून हसतच होता.

जयराम घोंगडीची घडी घालत होता. वर पाहत नव्हता.

४ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना फोन लागला. उद्या सकाळी या, म्हणाल्या, आणि आज पुन्हा काही झालं तर वाट न बघता थेट निघा. काल रात्रीच फोन का केला नाहीत, असंही विचारलं.

मग मी जयरामला ओटीवर बसवलं.

“अहो, असं आधी कधी झालं होतं?”

तो पायाच्या अंगठ्याने ओटी उकरू लागला.

“मी ओरडत नाहीये.”

“वरडतेस.”

आवाज खाली आणला. माझा मलाच अनोळखी वाटला.

“दिवाळीच्या आदी एकदा,” तो म्हणाला. “आंघोळीला बसलो, तांब्या उचलंना. थोड्या येलानं उचलला. मंग ती चुन्याची डबी. मंग वाल.”

“वालाच्या वेळी तुम्ही रुसला नव्हता?”

“शबुद गावत नव्हता गो. समोर वाल दिसतोय, नाव गावंना.”

मी डाव हातात धरून उभी होते तेव्हा. हट्टाने.

“पण दिवाळीच्या आधी झालं होतं, तर मग कल्याणला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू नाय बोललीस ना.”

“मी नाही म्हटलं म्हणून?”

“तू बोललीस, मला कळला असता. आता मी व्हय बोललो असतो तं तू खोटी पडली असतीस. डाक्टरीणबायसमोर. ती अदुगरच तुला आजी बोलली व्हती.”

मी उठून आत आले. गॅस पेटवायचा नव्हता, काही शिजवायचं नव्हतं, तरी ओट्यापाशी उभी राहिले. असा कसा माणूस? स्वतःचा मेंदू पणाला लावतो, बायकोचं म्हणणं पडू नये म्हणून! कुणी सांगितलं होतं याला माझी अब्रू सांभाळायला?

राग आलाय. खूप आलाय. तो कुठे ठेवू ते कळत नाही.

५ जानेवारी

पंढरीच्या गाडीतून कल्याण. सगळ्या रस्त्यात जयराम खिडकीतून एसट्यांच्या पाट्या बघत होता.

आत गेल्यावर मी सांगायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून जयरामच्या समोर बसल्या. “बोला, जयरामभाऊ.” आणि तो बोलला. आपल्या बोलीत, थांबत थांबत, तांब्यापासून घोंगडीपर्यंत. बाईंना ‘गावंना’ही कळलं, ‘येल’ही कळली. कुणी त्याला ‘ए काका’ म्हटलं नाही. मधे त्याने वालाचा दिवस चुकवला, मी म्हटलं, “एकोणीस तारीख होती—” तशी बाईंनी न बघताच माझ्यापुढे हात केला, गाडी थांबवतात तसा.

मग म्हणाल्या, “मी मागे सांगितला तो अभ्यास विसरा. तो लक्षणं नसलेल्यांचा होता. तुमचा रस्ता आता तो नाही. हे मोठ्या झटक्याआधीचे छोटे झटके आहेत. मोठा कधी येईल सांगता येत नाही, पण आता पुढचे दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे.”

महिनाभर मी सहा आणि तीन करत बसले होते. ते आकडे आमचे कधी नव्हतेच. माझ्या एका ‘छे’वर आम्ही भलत्याच रांगेत उभे होतो.

मान उघडून धमनी साफ करायची. या वयात, इतक्यात लक्षणं आलेली असताना, जाळीपेक्षा हे बरं. तरीही शंभरातल्या दोघातिघांना टेबलावरच झटका येतो. ठाण्याच्या हॉस्पिटलात, गुरुवारी.

आणि पुढचं तर त्याहून भयंकर. पूर्ण भूल देणार नाहीत. फक्त मान बधिर. मधे थोडा वेळ ती धमनी चिमट्याने बंद करतात, तेव्हा मेंदूला दुसऱ्या वाटेने रक्त पोचतंय की नाही हे कळायला पेशंट जागा हवा. उजव्या हातात रबराचं बदक देतात. दाब म्हटलं की दाबायचं, वाजलं पाहिजे. आणि सगळा वेळ बोलत राहायचं. बोलणं अडखळलं की त्यांना कळतं, लगेच रक्त जायला तात्पुरती नळी घालतात.

“हा माणूस बोलणार नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला वाटेल झटका आला, आणि हा नुसता पंखा बघत असेल. किंवा खरंच आलेला असेल आणि तुम्हाला वाटेल स्वभाव आहे. मला आत घ्या.”

“तुम्हाला नाही घेता येणार. आणि ऑपरेशन थिएटरात पंखा नसतो, आजी.”

७ जानेवारी

ठाण्यात दाखल. कॉटशेजारी बसून मी त्याची तयारी घेत होते. “काय काय बोलाल? आधी नाव, गाव सांगा. मग नोकरी. खर्डीला पावसात सिग्नल बंद पडला होता ते सांगा. मग रत्नदीपचं शिक्षण. संपलं की पहिल्यापासून.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“ऐकताय ना? विषय कमी पडले तर—”

“वंदना, तू नको सांगूस. मी बगतो.”

८ जानेवारी, ठाणे, ऑपरेशन थिएटरबाहेर

सकाळी नेलं. दारावर लाल दिवा. बाकावर मी आणि पंढरी. रत्नदीप एक्स्प्रेसवेवर अडकलाय. पंढरीला मी चहाला पाठवलं, कारण तो काही बोलत नव्हता, आणि आज मला कुणाचंही गप्प बसणं सोसत नाही.

दारातून काही ऐकू येत नाही. कान लावून पाहिलं, वॉचमनने उठवलं.

आत आता त्यांनी धमनी बंद केली असेल. “बोला,” म्हणत असतील. बोलायला हवं. आयुष्यभर ज्या ज्या वेळी त्याला कुणी काही विचारलं, त्या वेळी उत्तर माझ्या तोंडातून आलं. त्याला सवयच नाही. त्याला वाटत असेल, आत्ता ही बोलेल. आणि मी भिंतीच्या या बाजूला.

लिहिता लिहिता लक्षात आलं, मी पुटपुटते आहे. जयराम. सापगाव, तालुका शहापूर. रेल्वेत होतो. खर्डी. समोरची बाई माझ्याकडे बघून उठून दुसऱ्या बाकावर गेली.

एक सिस्टर बाहेर आली. “बोलतायत का?” मी विचारलं.

“कोण?”

ती गेलीसुद्धा. दार पुन्हा मिटलं.

एवढं मोठं हॉस्पिटल, आणि माझ्या जिभेला कुठे काही काम नाही.

९ जानेवारी

काल दुपारी बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. दोन्ही हात हलतात, पाय हलतात. मानेवर ही एवढी लांब टाक्यांची रांग. आवाज बसलाय, तो काही आठवड्यांत येईल म्हणे. पुढचे काही दिवस जपायचे. काल पाच मिनिटंच बघू दिलं, तो झोपेत होता.

आज सकाळी आयसीयूच्या दारात एक सिस्टर भेटली, कालच्या ऑपरेशनला आत होती ती. मी विचारलं, “कालचे पेशंट, जयराम, बोलले का हो थोडं तरी?”

“थोडं?” ती म्हणाली. “मावशी, थांबतच नव्हते. बदक वाजवतायत नि बोलतायत. शेवटी सरांना सांगावं लागलं, बाबा, जरा हळू, मान हलतेय. सगळं थिएटर हसत होतं.”

“काय बोलत होते?”

तिने मास्क नीट केला. डोळे हसत होते. “ते तुम्ही त्यांनाच विचारा.”

आत गेले. उशीवर डोकं, मानेला पट्टी, चेहरा सुकलेला पण सरळ. दोन्ही बाजू सारख्या. मी आधी तेच पाहिलं. मग त्याचा उजवा हात हातात घेतला, त्याने दाबला.

“एवढं काय बोललात त्यांच्याशी?”

“तुजी गाऱ्हाणी.” घोगरं, जेमतेम ऐकू येईल असं.

माझी गाऱ्हाणी. डॉक्टर, भूलवाले, सिस्टर, सगळ्यांसमोर. मान चिरलेली असताना. आणि ती माणसं हसत होती! माझ्या तोंडाशी इतकं काही आलं की कुठून सुरुवात करू कळेना. महिनाभर कुणी जपलं? बिनमिठाचं कुणी खाल्लं, मीही नाही खाल्लं?

“कुठली गाऱ्हाणी?” मी विचारलं.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. मी सिस्टरला हाक मारायला वळलेसुद्धा. त्याने हात सोडला नाही. नुसतं वर-खाली हलवून सांगितलं, थांब.

काय म्हणणार आहे याचे मला दोनतीन अंदाज होते. सांगूनही टाकले असते. ते गिळले आणि कॉटच्या कडेला टेकले. मशीनचा आवाज चालू होता. बाहेर कुणीतरी भेटायची वेळ संपली म्हणून ओरडत होतं.

त्याने घसा साफ केला. दुखलं, डोळे मिटले, उघडले.

“पयला,” तो म्हणाला.